मामा, ती ट्यूब पुन्हा सायकलला लावा

प्रश्न: माझा भाचा अकरावीत आहे, 17 वर्षांचा. खाडीत आणि समुद्रातच पोहायला शिकला, आता आठवड्यातून दोनदा त्याला टँकवर नेतो. 100 मीटर फ्रीस्टाइल ही त्याची मुख्य शर्यत. पुढच्या महिन्यात विभागीय शालेय स्पर्धा आहे आणि डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर 3 किलोमीटर. मोबाइलवर त्याने एका ऑलिंपिकवाल्या पोहणाऱ्याचा व्हिडिओ बघितला. दंडा-मांड्यांना पट्टे बांधून रक्त अडवायचं, मग सोडायचं, की शर्यतीत वेग वाढतो म्हणे. तेव्हापासून हा पोहण्याआधी दोन्ही मांड्यांना सायकलची ट्यूब आवळून बसतो (पाय काळेनिळे पडतात, पण सोडल्यावर थोड्या वेळाने बरे होतात). विचारलं तर म्हणतो, "मामा, पाय बधिर होतत, पण टायमिंग येता." आणि खरंच, मागच्या विभागीयला 50 मीटरच्या तलावात 1 मिनिट 6 सेकंद लागले होते, परवा आमच्या 25 मीटरच्या टँकवर ट्यूब बांधून उठला आणि 1 मिनिट 4 सेकंदांत आला. घरात बीपीचं मशीन आहे, त्याचा पट्टा वापरला तर जास्त बरं का? हे डोपिंगमध्ये धरतात का? आणि माझी आई शर्यतीआधी त्याच्या अंगाला खोबरेल चोळते, ते चालेल ना? आमका ह्यातला काय कळना नाय, म्हणून लिहितोय.
– एक मामा, देवगड तालुका

उत्तर:

मामा, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पाय काळेनिळे पडतात, ते वाक्य. बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी एक काम करा. ती ट्यूब आजच त्याच्याकडून काढून घ्या. हे वाचून झाल्यावर तुम्हाला बाकी काहीच पटलं नाही तरी एवढं कराच.

निळा रंग काय सांगतो ते बघा. पायाकडे रक्त आणणाऱ्या धमन्या खोलवर असतात, जाड असतात आणि त्यांच्यात दाबही भरपूर असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा मऊ असतात. मांडीला ट्यूब आवळली की आधी दबतात त्या शिरा. रक्त येत राहतं, जायची वाट बंद, पाय तुंबतो आणि निळा पडतो. शर्यतीआधी रक्त अडवण्याचे जे प्रयोग झालेत, त्यांत धमनीच पूर्ण बंद करतात. तेव्हा पाय निळा पडत नाही, पांढराफटक पडतो, पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी लागत नाही, आणि पट्टा सोडला की पाय लालबुंद आणि गरम होतो. म्हणजे तुमचा भाचा जे करतोय ते त्या व्हिडिओतलंही नाही आणि प्रयोगशाळेतलंही नाही. ते नुसतं पाय आवळणं आहे. शिवाय ट्यूब अरुंद, तिचा सगळा जोर एका रेघेत पडतो आणि खालची नस चेंगरते. बधिरपणा ही त्या नसेची तक्रार असते. बधिर पायाने टँकमध्ये उडी मारली तर निदान कठडा हाताशी असतो, खाडीत तेवढंही नाही.

आता व्हिडिओबद्दल. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण तो बहुधा अमेरिकेचा मायकल अँड्र्यू असावा, टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास पट्ट्यांमुळे त्याची बरीच चर्चा झाली होती. ते पट्टे हवेचे असतात, दाब मोजून भरलेले, आणि ते रक्त पूर्ण अडवत नाहीत. ही पद्धत जपानची, योशिआकी सातो यांची, नाव कात्सू. 1966 मध्ये एका बौद्ध विधीला गुडघे दुमडून बराच वेळ बसल्यावर पोटऱ्यांना मुंग्या आल्या, त्यातून त्यांना ही कल्पना सुचली असं ते सांगत. पट्टा बांधून हलका व्यायाम केला तरी स्नायूला जड वजनाइतकी मेहनत पडल्यासारखं वाटतं, असा त्यामागचा विचार. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना वजन उचलता येत नाही त्यांच्यासाठी फिजिओ आज ही पद्धत वापरतात, मीही वापरते, आणि तिचा उपयोग होतो. पण तो आठवड्यांच्या व्यायामाने दिसणारा उपयोग. शर्यतीआधी पट्टा बांधला आणि उठून वेगात पोहलं, असा तो प्रकार नव्हे. जाता जाता सांगते, टोकियोत मायकल अँड्र्यूला मेडले रिलेचं (चौघांनी चार वेगवेगळ्या प्रकारांत पोहायच्या सांघिक शर्यतीचं) सुवर्ण मिळालं, वैयक्तिक शर्यतीत एकही पदक नाही. पट्ट्यांमुळे मिळालं नाही असं मी म्हणत नाही, पण भाच्याला हेही ठाऊक असू दे.

शर्यतीआधी रक्त अडवायची गोष्ट निराळी, आणि ती सुरू झाली हृदयापासून. 1986 मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर या तिघांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच मिनिटं बंद करायची, पाच मिनिटं सोडायची, असं चार वेळा केलं आणि मग तीच 40 मिनिटं बंद ठेवली. आधी अशी चुणूक दाखवलेल्या हृदयांचं नुकसान इतरांच्या जेमतेम पाव भागाएवढंच झालं. थोडा वेळ उपाशी ठेवलेला स्नायू पुढच्या मोठ्या उपासाला तयार होतो, असं काहीसं ते दिसलं. पुढे कळलं की हृदयच अडवायला हवं असं नाही, हाताला किंवा पायाला पट्टा बांधूनही शरीराला तो निरोप पोचतो. मग कोणालातरी वाटणारच, की शर्यतीत स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो, तिथेही हे चालेल का?

तर 2011 मध्ये कॅनडातल्या टोरंटोच्या संशोधकांनी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू घेतले. पट्टा दंडाला, मांडीला नाही. पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं सुटा, असे चार फेरे. मग 100 मीटर. सरासरी वेळ सुमारे 67 सेकंदांवरून 0.7 सेकंदाने उतरली, म्हणजे एक टक्क्याहून थोडी जास्त. पोहणाऱ्यांच्या जगात 0.7 म्हणजे हसण्यावारी न्यायचा आकडा नाही, विभागीयला पहिल्या आणि चौथ्यामध्ये एवढंच अंतर असू शकतं. भाच्याने जे ऐकलंय ते इथूनच आलंय, आणि ते खोटं नाही. पण त्याच प्रयोगात संथ, जोर न लावता पोहण्यात काहीच फरक पडला नव्हता. हे व्हिडिओत कोणी सांगत नाही. चिवल्याच्या 3 किलोमीटरला मामा, पहिली पाचशे-सातशे मीटर तरी दम राखूनच जायची असतात. तिथे तर या प्रकरणाच्या नादी लागण्यात अर्थच नाही.

आणि 2011 नंतर गोष्ट तिथेच थांबली नाही. ब्राझीलच्या संशोधकांनी 2015 मध्ये साधे, हौशी पोहणारे घेऊन एक चतुराई केली. एकदा पट्टा पूर्ण आवळला, एकदा नुसता लटकल्यासारखा हलका बांधला, आणि दोन्ही वेळा पोहणाऱ्यांना सांगितलं की याने वेग वाढतो. दोन्ही वेळा 100 मीटरची वेळ सुधारली. जवळपास सारखीच. म्हणजे निदान तिथे तरी काम केलं ते पट्ट्याने कमी आणि विश्वासाने जास्त. दुसऱ्या एका प्रयोगात, चांगल्या सरावाच्या पोहणाऱ्यांवर, पट्टा सोडल्यावर तासाभराने 50 मीटरमध्ये फरक नव्हता, पण दोन तासांनी आणि आठ तासांनी होता. ज्या हृदयापासून हे सुरू झालं तिथेही 2015 मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत दंडाच्या पट्ट्याचा काही फायदा दिसला नाही. तेव्हा मला विचाराल तर: हा उपाय खोटा नाही, पण त्याच्यावर अख्खा मोसम टांगावा इतका खराही नाही. आणि हे जवळपास सगळे प्रयोग मोठ्या माणसांवरचे आहेत. 17 वर्षांच्या मुलाला मी तो देणार नाही.

मग 1:06 चे 1:04 कसे झाले? मामा, तुम्हीच पत्रात उत्तर लिहून ठेवलंय. 50 मीटरच्या तलावात 100 मीटरला एकच टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं, येतो, 25 मीटरच्या टँकमध्ये तीन. टर्न कितीही कच्चा असला तरी भिंतीला पाय लावून मिळणारा धक्का हातांनी पोहण्यापेक्षा वेगवान असतो. लहान टँकमध्ये 100 मीटरची वेळ दीड-दोन सेकंदांनी कमी येणं हे नेहमीचंच. त्यात तुमचं मोबाइलवरचं स्टॉपवॉच. बोट दाबताना वीसएक शतांश सेकंद इकडे-तिकडे सहज होतात. आणि चांगल्या पोहणाऱ्याचीही वेळ एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत टक्काभर वर-खाली होतच असते. या सगळ्यातून ट्यूबच्या वाट्याला काही उरत असेल असं मला वाटत नाही. (भाच्याला हे सांगताना जरा सांभाळून. त्याने जोर लावलाय तो खराच, श्रेय फक्त चुकीच्या जागी गेलंय.)

ट्यूबपेक्षा मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. विभागीय स्पर्धेला काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. सकाळी सात वाजता मुलं वॉर्म-अपला पाण्यात उतरतात, बाहेर येतात आणि मग उद्घाटन, पाहुण्यांचा सत्कार, श्रीफळ, भाषण. पोरं ओल्या चड्डीत, खांद्यावर पंचा टाकून, फरशीवर पाय दुमडून बसलेली. शर्यत लागते साडेनऊला. इतक्या वेळात वॉर्म-अपची सगळी ऊब निघून जाते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये 200 मीटरवर हेच तपासलं. वॉर्म-अपनंतर 45 मिनिटांनी पोहण्यापेक्षा 20 मिनिटांनी पोहलं तर वेळ सुमारे दीड टक्का चांगली आली. दीड टक्का! टोरंटोच्या पट्ट्यापेक्षा जास्त. आणि पट्ट्याचे चार फेरे करायला तुम्हाला जवळपास 40 मिनिटं त्याला एका जागी बसवून ठेवावं लागेल, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

म्हणून त्याच्या पिशवीत ट्यूबऐवजी हे घाला: जाड सुती टॉवेल दोन, कोरडी चड्डी, बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर स्वेटर किंवा जॅकेट, आणि पायांत मोजे. मोजे विसरू नका, लोक हसले तरी चालेल. पाण्यातून बाहेर आला की पाच मिनिटांत अंग पुसून कोरडे कपडे. शर्यतीच्या 20 मिनिटं आधी उभा राहून खांदे फिरवणं, दहा-बारा उठाबशा, जागच्या जागी उड्या, पाचएक मिनिटं, घाम फुटेल इतकं नाही. मधे परत पाण्यात उतरायला देत असतील तर दोन लांब्या मारून यायचं. आणि शर्यतींचा क्रम लिहिलेला कागद तुम्ही हातात ठेवा, त्याला त्याची काळजी करायला लावू नका. हे मामाचं काम.

आता टर्नबद्दल, कारण खरी कमाई इथेच आहे. समुद्रातली पोरं मला ओळखू येतात ती दोन गोष्टींवरून. एक, ती दर काही हातांनी डोकं वर काढून समोर बघतात. तुमच्याकडे पवनचक्क्या, देवळाचा कळस, माडांची रांग, काहीतरी खूण धरून सरळ जायची सवय लागते, आणि ती समुद्रात लागतेच. पण टँकमध्ये तळाला काळी रेघ आखलेली असते, तिथे डोकं वर काढलं की कंबर खाली जाते आणि पाय ओढत यावे लागतात. दुसरी म्हणजे भिंत. खाडीला भिंत नसते, त्यामुळे भिंत जवळ आली की ही पोरं घाबरल्यासारखी हात लांबवतात, श्वास घेतात, मग वळतात. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही स्टॉपवॉच 100 मीटरला लावू नका. भिंतीच्या 5 मीटर आधी डोकं आलं की सुरू करा आणि वळून 10 मीटरवर डोकं आलं की थांबवा. टँकच्या काठावर खडूने दोन खुणा करून घ्या. तेवढाच आकडा वहीत लिहा, दर वेळी. भिंतीच्या आधीच्या दोन हातांत श्वास घ्यायचा नाही आणि धक्का मारल्यावर पहिल्या हाताला घ्यायचा नाही, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी महिन्याभरात तो आकडा उतरेल. पाण्याखाली 15 मीटरच्या पुढे जायला नियमात परवानगी नाही, पण तुमचा भाचा अजून 6-7 मीटरवरच वर येत असणार, त्यामुळे ती चिंता नको. हा सराव करताना पाण्याखाली किती वेळ दम धरता येतो याच्या पैजा मात्र लावू द्यायच्या नाहीत. त्यापायी चांगल्या कसलेल्या पोहणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

बीपीच्या मशीनबद्दल. घरातलं बटणाचं मशीन पट्टा भरतं, मोजतं आणि मिनिटभराच्या आत आपणच सोडून देतं. पाच मिनिटं धरून ठेवायला ते बनवलेलंच नाही, आणि दंडाचा पट्टा मांडीला पुरतही नाही. दवाखान्यातल्या पंपाच्या मशीनने जमेल, पण म्हणून ते करायचं असं होत नाही. किती दाबाने कोणाची धमनी बंद होते हे त्या माणसाचा रक्तदाब, मांडीचा घेर आणि पट्ट्याची रुंदी यांवर ठरतं, डॉपलर (रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावून ते ऐकावं लागतं. घरात कोणाला पायात रक्ताची गाठ झाली असेल, कोणाला सिकलसेल असेल, मुलाचा रक्तदाब जास्त असेल, तर त्याच्या जवळपासही जायचं नाही. 18 पूर्ण झाल्यावर, मोसम संपल्यावर, त्याला फारच कुतूहल असेल तर एखाद्या फिजिओकडे नीट करून बघता येईल: काही वेळा पट्टा, काही वेळा नुसताच लटकवलेला, चिठ्ठी टाकून ठरवायचं, तोच टँक, तीच वेळ, आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्याला त्या दिवशी काय केलंय हे माहीत नको. एवढं करून आकडा बोलला तर ठीक.

डोपिंगमध्ये हे धरत नाहीत, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत पट्टा नाही. मात्र पट्टा अंगावर ठेवून शर्यत पोहता येत नाही. वेग, तरंगणं किंवा दम वाढवणारं कुठलंही साधन शर्यतीत वापरायला जलतरणाच्या नियमांनुसार मनाई आहे आणि त्यात पट्ट्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ट्यूब काढायची विसरून ब्लॉकवर (सुरुवातीची उडी मारायच्या ओट्यावर) चढला तर पंच बाद करतील, आणि बरोबर करतील.

एका गोष्टीचा मात्र तुम्ही विचार करा. "टायमिंग येता" हे तो मनापासून म्हणतोय. ब्राझीलच्या प्रयोगातल्या हलक्या पट्ट्यासारखं त्यालाही कशाचा तरी आधार हवाय, आणि त्यात वावगं काही नाही. ट्यूब हिसकावून रिकामा हात ठेवलात तर तो दुसरा व्हिडिओ शोधेल. त्या मोज्यांचं, उड्यांचं, खांदे फिरवण्याचं एक ठरलेलं वेळापत्रक त्याला स्वतःच लिहू द्या. प्रत्येक स्पर्धेला तेच, त्याच क्रमाने. रोज टँकवरही तेच.

विभागीयला निघायचं तर आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघा. पहाटेची पकडून घाट चढून जायचं आणि उतरल्या उतरल्या पाण्यात, असं नको. सकाळी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी उकड्या तांदळाची पेज मिठाबरोबर आणि वर एक केळं, त्याच्या पोटाला सवयीचं तेच. हॉटेलातली मिसळ परतीच्या वाटेवर.

राहिलं आजीचं खोबरेल. टँकवरच्या शर्यतीला नको. पाण्यावर तवंग येतो, टँकवाले ओरडतात, आणि तळव्याला तेल राहिलं तर ब्लॉकवरून आणि टर्नला भिंतीवरून पाय सटकतो, मग आपण वर जे सगळं बोललो ते वाया. आदल्या रात्री चोळा म्हणावं, सकाळी साबणाने आंघोळ. चिवल्याला मात्र काखेत, मानेच्या मागे आणि मांड्यांच्या आत, जिथे कातडी कातडीला घासते, तिथे पेट्रोलियम जेली लावा, खाऱ्या पाण्यात खोबरेलापेक्षा ती जास्त टिकते. ती आजीनेच लावली तरी चालेल, फक्त त्याने त्या हाताने गॉगलच्या काचांना हात लावायचा नाही.